व्हॉयेजर, शिरवाळे आणि एक जुनी फ्लॉपी

विषय नेहमीसारखाच, म्हणजे थोडं आकाश आणि थोडा कॉम्प्युटर. आमच्या हिच्या भाषेत सांगायचं तर "घरच्या नळाला पाणी आलंय का ते बघायचं नाही, आणि सूर्यमालेबाहेर काय चाललंय त्याची चौकशी!" पण या वेळी विषय शेवटी घरातच येऊन पोचला, म्हणून लिहायला बसलो.

तर झालं असं की एप्रिल २०२४ मध्ये पुण्याहून नातीचा फोन आला. तिला कुठूनसा शिरवाळ्यांचा लाकडी साचा मिळाला होता. "आजोबा, पणजीची शिरवाळ्यांची कृती आहे का तुमच्याकडे?"

मी ऐटीत म्हटलं, "आहे म्हणजे काय! टाइप करून ठेवलीय."

आमच्या नात्यातल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल, पण बाकीच्यांसाठी सांगतो. १९९८ साली मी आईला तिच्या आठवणी सांगायला लावल्या होत्या. तेव्हा ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती आणि आमच्याकडे कोल्हापूरला राहत होती. जन्म कुडाळ तालुक्यातला. संध्याकाळी ती बोलायची, मी वहीत टिपून घ्यायचो आणि सुट्टीच्या दिवशी ओळखीच्या एका छापखान्यात जाऊन तिथल्या कॉम्प्युटरवर टाइप करायचो. मला तेव्हा कॉम्प्युटरचं नवं नवं वेड लागलं होतं. पडद्यावर मराठी अक्षर उमटलं की शाळेतल्या पोरासारखा आनंद व्हायचा! एकूण एकेचाळीस पानं झाली. आई २००१ मध्ये गेली.

ती एकेचाळीस पानं मी जिवापाड जपली. १.४४ एमबीच्या फ्लॉपीवर होती, ती २००३ मध्ये सीडीवर घेतली. पुढे हार्ड डिस्कवर, मग पेन ड्राइव्हवर. छापील प्रत एकच काढली होती, ती अक्काकडे कल्याणला दिली आणि २६ जुलै २००५ च्या पुरात तिच्या घरातल्या इतर सामानाबरोबर तीही गेली. तेव्हा मी अक्काला म्हणालोसुद्धा, "कागदाचं काय एवढं, माझ्याकडे फाइल आहे."

नातीचा फोन ठेवला आणि फाइल उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, स्वल्पविराम, मध्येच डोक्यावर टिंब असलेली फ्रेंच का जर्मन अक्षरं. एकेचाळीस पानं असलीच. आईचा एक शब्द दिसेल तर शपथ.

आता इथे जरा आकाशात जाऊन येऊ. कंटाळू नका, परत येणार आहे.

व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबर १९७७ रोजी सुटलं. मी शाळेत लागून तेव्हा तीनच वर्षं झाली होती. १९७९ मध्ये त्याने गुरूची आणि १९८० मध्ये शनीची छायाचित्रं पाठवली, ती मी वर्तमानपत्रातून कापून शाळेच्या फळ्याशेजारी चिकटवली होती. मराठीच्या मास्तराला हे धंदे कोणी सांगितले, असं विज्ञानाचे सर हसून म्हणायचे. तेव्हापासून या यानाशी माझं जुळलं ते आजतागायत. त्याच्यावरच्या सगळ्या कॉम्प्युटरांची स्मरणशक्ती मिळून साधारण ६९ किलोबाइट. तुम्ही रोज सकाळी मला जी फुलांची सुप्रभात चित्रं पाठवता, त्यातलं एखादंसुद्धा बहुधा त्यात मावणार नाही! एवढ्या भांडवलावर ते यान सूर्यमालेच्या वेशीबाहेर पडून अजून चालतंय.

तर या यानाने नोव्हेंबर २०२३ मध्ये एकाएकी निरर्थक बडबड सुरू केली. संदेश यायचा, पण त्यात एक आणि शून्याचा तोच तोच नमुना. अर्थ काही लागेना. यान जिवंत आहे हे कळत होतं, सांगतंय काय ते कळत नव्हतं. अंतर सुमारे २,४०० कोटी किलोमीटर. इथून निघालेली रेडिओलहर तिथे पोचायला साडेबावीस तास आणि उत्तर यायला तेवढेच. म्हणजे "काय रे, बरा आहेस ना?" असं विचारायचं आणि पंचेचाळीस तास वाट बघायची.

अमेरिकेतल्या अभियंत्यांनी जुनी कागदपत्रं काढली. ज्यांनी ती लिहिली त्यांना पन्नास वर्षांनी असली अडचण येईल हे स्वप्नातही नव्हतं. मार्च २०२४ मध्ये त्यांनी यानाला एक आज्ञा पाठवून थोडं डिवचलं. आलेलं उत्तरही वेडंवाकडंच दिसत होतं, पण नेहमीपेक्षा निराळं. एका अभियंत्याने ते नेटाने उलगडलं, तर यानाच्या एका कॉम्प्युटरची अख्खी स्मृती त्यात उतरून आलेली! ती पूर्वीच्या नोंदीशी ताडून बघितली तेव्हा कळलं की साधारण तीन टक्के भाग बिघडलाय, आणि तो एका चिपमुळे. चिप बदलायला तिथे कोण जाणार? मग तिथली आज्ञावली तुकडे करून दुसरीकडे जिथे जिथे जागा होती तिथे बसवली. एकाच ठिकाणी सगळी मावेना. १८ एप्रिलला पहिला तुकडा हलवण्याची आज्ञा धाडली आणि २० एप्रिलला यान पुन्हा शहाण्यासारखं बोललं. जूनपर्यंत त्याची चालू असलेली चारही उपकरणं पूर्ववत माहिती पाठवू लागली.

ही बातमी मी वाचली तेव्हा माझ्यासमोर पडद्यावर आईची बडबड होती. मनात म्हटलं, मास्तर, ते लोक २,४०० कोटी किलोमीटरवरचं दुरुस्त करतात आणि तुमची फाइल तर टेबलावर आहे!

आता ही भानगड काय होती ते सांगतो. कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याला फक्त आकडा कळतो. वर्गात आम्ही हजेरी घ्यायचो तसं समजा. सतरा नंबर म्हटलं की एक मुलगा "हजर" म्हणतो, पण सतरा म्हणजे कोण हे कॅटलॉगात बघायचं. कॅटलॉग हरवला तर नुसते आकडे राहतात, मुलं कोण ते कळत नाही. इंग्रजीचा कॅटलॉग सगळीकडे एकच होता, तिथे ६५ म्हणजे मोठा ए. मराठीचं तसं नव्हतं. प्रत्येक फॉन्टवाल्याने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्याला सोयीचे मराठी तुकडे बसवले. कुणाच्या घरी काना ज्या नंबरावर, दुसऱ्याच्या घरी तिथे अर्धा स. फॉन्ट असला की मराठी, नसला की नुसता गोंधळ.

ज्या सॉफ्टवेअरात मी टाइप केलं होतं ते डाँगलशिवाय, म्हणजे कॉम्प्युटरच्या मागे खुपसायच्या कुलपाशिवाय, चालत नसे. छापखाना बंद झाला, मालक वारले, डाँगल कुठे गेला देव जाणे. आता युनिकोड आहे, त्यात जगातल्या सगळ्या लिप्यांचा एकच कॅटलॉग. देवनागरीला त्यात १९९१ पासून स्वतःची जागा आहे, पण साध्या घरगुती कॉम्प्युटरवर ती नीट दिसू लागली ती विंडोज २००० पासून पुढे. माझं टंकन त्याच्या दोन वर्षं आधीचं. दोन वर्षं थांबलो असतो तर... पण आई किती थांबणार होती?

नातीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आजोबा, त्या फॉन्टचा तक्ता आपणच बनवू." इंटरनेटवर जुन्या फॉन्टांतून युनिकोडात नेणारी साधनं मिळतात, ती तिने लावून पाहिली. त्यातल्या एकाने थोडं जमलं, पण आमचा फॉन्ट त्याहून जरा निराळा निघाला. मग रोज रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉल. ती तिकडे, मी इकडे, हातात शंभर पानी वही. आमच्या हिला वाटलं की हा पुन्हा बीएला बसलाय.

सुरुवात कुठून करायची? पहिल्या पानावर मी वर मधोमध "॥ श्री ॥" लिहिलं असणार याची खात्री होती. तिथून श, र आणि दोन दंड मिळाले. सगळ्यांत जास्त वेळा येणारं चिन्ह काना असणार हा माझा अंदाज, तो बरोबर निघाला. "होता, होती, होते" यांनी ह आणि त दिले. मग गावाचं नाव, वडिलांचं नाव, अक्काचं नाव. जसजसे धागे हाती लागत गेले तसतसं शब्दकोड्यासारखं भराभर सुटू लागलं. चौदा दिवसांत तक्ता पुरा झाला आणि नातीने छोटासा प्रोग्रॅम लिहून सगळी फाइल त्यातून काढली.

पहिला निकाल वाचून आम्ही दोघं पोट धरून हसलो. "कविता"ची "किवता" झाली होती आणि "गणित"चं "गिणत". कारण जुन्या फॉन्टात टंकलेखन यंत्रासारखी ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर नंतर. युनिकोडात अक्षर आधी, वेलांटी नंतर, दिसायला ती कुठेही दिसो. रफाराचं उलटं. "सूर्य" म्हणाला मी "सूयर्". मग ते सगळं उलटसुलट केलं. शेवटी माझ्यातला मास्तर जागा झाला आणि मी तिला आचार्यांना आणि आचाऱ्यांना यांतला फरक अर्धा तास समजावला. तो प्रोग्रॅमला कळला, तिला कळला की नाही माहीत नाही :-) फ्लॉपीवरून सीडीवर घेतानाच दीडेक पान खराब झालं होतं, ते मात्र गेलं ते गेलंच.

बाकीची साडेएकोणचाळीस पानं मिळाली. आता खरी गोष्ट.

नातीने पहिलं पान मोठ्याने वाचायला घेतलं. "माझे वडील पोस्टात नोकरीस होते. त्यांची वारंवार बदली होत असे. त्यामुळे माझ्या शिक्षणात खंड पडला..." ती थांबली आणि म्हणाली, "आजोबा, पणजी अशी बोलायची?"

मला उत्तर सुचेना. आई अशी कधीच बोलली नाही. "वारंवार" हा शब्द तिच्या तोंडून मी उभ्या जन्मात ऐकलेला नाही. तिचे वडील तिचा "बापूस" होते, मी तिचा "झील" होतो. तिचं सगळं आयुष्य मालवणीत गेलं, कोल्हापुरात येऊनही तिने ती सोडली नाही. शेजारणींना अर्धं कळायचं नाही तरी त्या हसत ऐकायच्या.

आणि मी काय केलं होतं? मी वहीत तिचे शब्द टिपायचो आणि टाइप करताना ते "शुद्ध" करायचो. मराठीचा मास्तर ना! पस्तीस वर्षं मुलांच्या निबंधांवर लाल पेन चालवलं, ते आईवरही चालवलं. तेव्हा वाटायचं, पुस्तक व्हायचं तर भाषा चांगली हवी. चांगली म्हणजे काय, तर माझी. तिने एकदा मागून डोकावून वाचलं होतं आणि नुसती हसली होती. मला वाटलं, कौतुकाने हसली.

आणि त्या वह्या? २००४ मध्ये आम्ही घर बदललं तेव्हा मी स्वतः त्या रद्दीत घातल्या. "कॉम्प्युटरवर आहे की आता," असं म्हणून. फाइल चार ठिकाणी नेऊन जपली आणि जे जपायचं होतं ते किलोवर विकलं.

फॉन्टचा गोंधळ चौदा दिवसांत सुटला. कारण तिथे अक्षरं बदलली नव्हती, फक्त कॅटलॉग हरवला होता. ही दुसरी गोष्ट मात्र कोणत्याही तक्त्याने सुटणारी नाही. "वारंवार"च्या जागी तिने काय म्हटलं होतं, ते आता मलाच आठवत नाही.

अगदीच रिकाम्या हाताने परत आलो असं नाही. तेविसाव्या पानावर शिरवाळे निघाले. स्वयंपाकातलं मला तेव्हा ओ की ठो कळत नव्हतं (आताही कळत नाही, हे घरचं मत). तिच्या शब्दांना माझ्याकडे प्रतिशब्दच नव्हते, म्हणून ते पान मी जसंच्या तसं टाइप केलं होतं. चिपटं आणि मापटं तिथे शाबूत आहेत. तांदळाच्या पिठाची उकड, तिचे गोळे, ते उकळत्या पाण्यात सोडायचे. आणि मग आई म्हणते, "गोळे वयर इले काय समजाचा, शिजले. गरम आसतानाच दाबूक व्हये. थंड झाले काय मगे बाप्याच्या हातान पण येवचे नाय."

हे नातीने वाचलं, अडखळत, तिच्या पुणेरी जिभेने. तरी मला ऐकू आली ती आईच. मी व्हिडिओ बंद करून "नेट गेलं" असं सांगितलं. नेट गेलं नव्हतं.

व्हॉयेजरवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी आहे, हे अनेकांना ठाऊक असेल. कार्ल सेगन यांच्या समितीने ती तयार केली. तीत ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यांत आपली मराठी आहे. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं भैरवीतलं गाणंही आहे. यान सुटलं ५ सप्टेंबरला आणि बाई गेल्या १६ सप्टेंबर १९७७ ला, अकरा दिवसांनी. त्यांचा आवाज अजून पुढे पुढे चाललाय. पूर्वी मला या गोष्टीचा नुसता अभिमान वाटायचा. आता दोन गोष्टी निराळ्या दिसतात.

एक म्हणजे त्या लोकांनी तबकडीबरोबर ती वाजवायची सुईसुद्धा पाठवली आणि वेष्टनावर चित्रं काढून ठेवली. सुई कुठे ठेवायची, तबकडी किती वेगाने फिरवायची, सगळं. ऐकणारा कोण असेल, त्याला कान तरी असतील का, काही माहीत नाही. तरी कॅटलॉग सोबत दिला. मी माझ्याच घरातल्या माणसांसाठी ठेवलेल्या फ्लॉपीवर "आई - आठवणी" एवढं लिहिलं होतं. फॉन्टचं नावसुद्धा नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी आवाज जसाच्या तसा पाठवला. त्यात देवमाशांचे आवाज आहेत. ते काय बोलतात हे पाठवणाऱ्यांनाही कळत नव्हतं, पण कुणी ते शुद्ध केले नाहीत.

असो. रडत बसण्यात अर्थ नाही, कामाचं सांगतो. सगळी पानं आता युनिकोडात, साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहेत. बारा प्रती छापल्या आहेत, कागदावर. (अक्का आज असती तर मला चांगलं सुनावलं असतं.) पहिल्या पानावर मी लिहिलंय की ही फाइल कशी केली, कोणत्या वर्षी, काय वाचता आलं नाही. आणि त्याखाली हेही लिहिलंय की तेविसावं पान सोडून या पुस्तकातली भाषा आईची नाही, तिच्या मुलाची आहे. ते वाक्य लिहायला मला चौदा दिवसांपेक्षा जास्त वेळ लागला.

आता नातेवाइकांना एक विनंती. तुमच्यापैकी ज्यांना ज्यांना आईचं एखादं वाक्य आठवत असेल, एखादी शिवी आठवत असेल (त्या भरपूर होत्या), हाक मारायची पद्धत आठवत असेल, त्यांनी ती फोनमध्ये बोलून मला पाठवा. लिहून नको, बोलून. आणि कृपा करून सुधारून नको. कुडाळच्या मामेबहिणीने तीन पाठवलीत. त्यातलं एक ऐकून आमची ही अजून हसतेय, पण ते इथे लिहिण्यासारखं नाही!

आणि ज्यांच्या घरात अजून कोणी बोलणारं म्हातारं माणूस आहे, त्यांना काय सांगू? फोन सगळ्यांच्या खिशात आहे. समोर ठेवा, बटण दाबा आणि गप्प बसून ऐका.

नातीने शिरवाळे केले. पहिल्या खेपेला थंड झाल्यावर दाबायला गेली आणि साच्याचा दांडा हलेना. मी म्हटलं, बाई, कृती नीट वाचली नाहीस, पणजीने सांगून ठेवलंय.